टाकी क्रमांक सतरा

आधी नुसते चौकोन आले.
ओळीच्या ओळी, रिकामे,
न भरलेल्या अर्जाच्या रकान्यांसारखे.
फुमिए कुवाबारानं चष्मा कपाळावर सरकवला.
खरं यंत्र नोव्हेंबरात गेलं,
पोटातून धूर आला, मग वास, मग काही नाही.
त्याची कांजी अक्षरं वेगळ्या चिपमध्ये राहायची,
सवतासुभा मांडून.
एम्युलेटरला ती फाइल बोट धरून दाखवावी लागते.
दाखवली.
चौकोनांत अक्षरं येऊन बसली:
‘साके-नोंदवही, आवृत्ती चार. लिहिणार: कुवाबारा सेइजी.’
सेइजी म्हणजे तिचे धाकटे दीर,
गेले त्याला अकरा वर्षं झाली.

बाहेर निइगाताचा बर्फ
छपरावरून धप्पकन उतरत होता.
सातव्या टाकीत तांदळाचं आंबवण
सव्विसाव्या दिवसाचं, आपल्याच नादात बुडबुडत.

मेमरी: ६४० के. पुरे.
फ्लॉपी एक: वही. फ्लॉपी दोन: कोरी.
फ्लॉपीचा खडखडाट: हवा की नको?
हेही विचारतात!
नको, म्हणाली.
दोन मिनिटांनी परत जाऊन हवा केलं.

गती: जास्तीत जास्त.
भाचा फोनवर म्हणालेला, नवं मशीन आहे, धावू दे की.
धावलं. गुडघ्याला बाशिंग बांधून धावलं.
मेनू, तापमान, घनता,
आणि मध्येच काहीतरी लकाकून गेलं,
एक वाक्य, पापणी लवायच्या आत.
पुन्हा चालवलं. पुन्हा लकाकलं.
इतक्या वर्षांत हिशेब दिरांनी आणि मग नवऱ्यानं पाहिले,
या पडद्यासमोर ती कधी बसलीच नव्हती.

मग तिनं त्याला हळू करत आणलं.
शंभर मेगाहर्ट्झ. वीस. दहा.
पाचावर वाक्य थांबलं:
‘थांबा. टाकीपाशी जाऊन वास घेऊन या.’
आणि खाली यंत्र काहीसुद्धा करत नव्हतं.
एक ते तीस हजार मोजायचं,
झालं की पुन्हा एकपासून.
चार मिनिटं.
भाच्यानं नंतर कोड पाहिला, म्हणाला,
हा लूप रिकामाच आहे, काढून टाकू?

ती गेली. शिडी चढली. फळी बाजूला केली.
परत आली तेव्हा पडदा विचारत होता:
१ केळं, २ सफरचंद, ३ कळत नाही.
तिनं दोन दाबलं.

‘आंबवणाचं वय: उणे ३६५०० दिवस.’

शोवा शक संपून काळ लोटला,
सम्राट बदलले, वहीला कुणी कळवलं नाही.
ती आपली मोजत राहिली, अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव,
आणि या जानेवारीत शंभर लागलं.
वर्षाला जागा दोनच आकड्यांची.
डिसेंबरात लावलेलं आंबवण
जानेवारीत अजून जन्मायचं होतं.

सेटिंग्ज. घड्याळ. ‘संगणकाचं घ्या’ यावरची खूण काढली.
भिंतीवरची जुनी कॅलेंडरं तिनं फेकली नव्हती,
मागची बाजू याद्यांना बरी पडते.
शोवा एकसष्टचे वार तंतोतंत जुळले.
बावीस जानेवारी, बुधवार.
तेव्हा ती या घरात आलीच नव्हती.

तारीख टाकली. टाकी सात. एंटर.
‘या दिवसाची नोंद आहे. पुसून नवी लिहू?’

वर जुनी ओळ उभी होती:
तापमान ९.८. वास: ३.
शेरा: सर्दी झाली आहे.

फुमिए एकटीच मोठ्यानं हसली.
मग दिव्याकडे बघत बसली थोडा वेळ,
पाच मेगाहर्ट्झला तेवढी फुरसत असते.

नाही, दाबलं.
टाकी क्रमांक?
कारखान्यात टाक्या नऊ.
तिनं सतरा लिहिलं.
कार्यक्रमानं हरकत घेतली नाही,
सेइजींना इतकी मोठी स्वप्नं होती म्हणायची.

खडखड, खडखड,
नसलेल्या ड्राइव्हमध्ये
नसलेली फ्लॉपी फिरली.
तापमान १०.१. वास: २.
शेऱ्याच्या जागी कर्सर लुकलुकत होता.
तिनं लिहिलं: गती वाढवू नये.